व्हर्च्युअल मशीनची कर्नल कमांड लाइन: लांबीची मर्यादा कशी ओळखावी आणि तिच्यात कसे बसावे

क्यूईएमयू आणि केव्हीएम या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या साधनांवर एखादा गेस्ट (म्हणजे आत चालणारे व्हर्च्युअल मशीन) बूटलोडरशिवाय (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमशिवाय) थेट कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, देऊन चालवला, की ‘अपेंड’ या पर्यायातून जाणारी कमांड लाइन, म्हणजे कर्नलला आरंभी दिलेली सूचनांची ओळ, हळूहळू वाढत जाते. आरंभी त्यात मूळ फाइल प्रणालीचा पत्ता आणि सीरियल कन्सोल एवढेच असते. पुढे सीपीयू वेगळे काढण्याच्या याद्या, नेटवर्कचे स्थिर पत्ते, बंद ठेवायच्या सेवा आणि चाचणीसाठीचे तात्पुरते पॅरामीटर तिला जोडले जातात, आणि तात्पुरते म्हणून जोडलेले सहसा कोणी काढत नाही. माझ्याकडील एका चाचणी-गेस्टमध्ये ‘ह्यूजपेजेस’ या, मेमरीची मोठी पाने राखणाऱ्या पॅरामीटरसाठी ४०९६ ही संख्या दिलेली असताना आत केवळ ४० पाने राखलेली दिसत होती. गेस्ट व्यवस्थित सुरू होत होता आणि लॉगमध्ये एकही त्रुटी नव्हती. कमांड लाइन नेमकी त्या संख्येच्या मधोमध कापली गेली होती, आणि उरलेला तुकडाही वैध असल्याने कर्नलने तो मुकाट्याने स्वीकारला होता. मर्यादा ओलांडल्यावर गेस्ट सुरूच झाला नाही तर कारण लवकर सापडते. पण तो चुकीच्या मूल्यानिशी सुरू झाला तर आठवडे वाया जातात. म्हणून येथे मोजण्याच्या पद्धतीवर अधिक भर दिला आहे. आज्ञा, फाइली आणि पॅरामीटर यांची नावे पुढे देवनागरीत लिहिली आहेत; प्रत्यक्ष टंकताना ती मूळ रोमन अक्षरांतच लिहावीत.

प्रथम दोन मर्यादा एकमेकींपासून वेगळ्या कराव्यात, कारण त्यांची गल्लत फार वेळा होते. पहिली मर्यादा होस्टची, म्हणजे ज्या यंत्रावर गेस्ट चालतो त्याची. क्यूईएमयू हाही होस्टवरचा एक प्रोग्रॅमच असल्यामुळे त्याला दिलेल्या सर्व आर्ग्युमेंटांची आणि पर्यावरण-चलांची एकत्रित लांबी लिनक्स तपासतो. ही मर्यादा साधारणपणे स्टॅकला नेमून दिलेल्या मर्यादेच्या एक चतुर्थांश असते, म्हणजे ८ एमबी स्टॅक असल्यास २ एमबी. शिवाय ४ केबी आकाराची पाने वापरणाऱ्या होस्टवर कोणतेही एकच आर्ग्युमेंट १,३१,०७२ बाइटांपेक्षा मोठे असू शकत नाही. ही मर्यादा ओलांडली तर ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ असा स्पष्ट संदेश येतो आणि गेस्ट सुरूच होत नाही. शेकडो डिस्क व नेटवर्क कार्डे जोडलेल्या गेस्टची क्यूईएमयू आज्ञा पुष्कळ लांबते, तरीही येथपर्यंत पोहोचणे विरळाच. आणि उपकरणांची वर्णने ‘रीडकॉन्फिग’ या पर्यायाने फाइलीतून वाचायला लावली, की ती आज्ञा आटोपशीर होते.

दुसरी मर्यादा गेस्टमधील कर्नलची, आणि खरी अडचण तिच्यापाशी आहे. कर्नल कमांड लाइन एका ठरावीक आकाराच्या जागेत उतरवून घेतो आणि तो आकार प्रोसेसरच्या प्रकारानुसार कर्नल संकलित करतानाच ठरलेला असतो. एक्स-८६ आणि ६४-बिट आर्मवर तो २०४८ बाइट आहे, पॉवरपीसीवरही तेवढाच. ३२-बिट आर्मवर १०२४. रिस्क-व्हीवर पूर्वी ५१२ होता, पुढे तो १०२४ करण्यात आला. आयबीएमच्या एस-३९० मेनफ्रेमवर दीर्घकाळ ८९६ बाइटांचे बंधन होते आणि नव्या कर्नलांत ते ४०९६ बाइटांपर्यंत सैल झाले आहे. या प्रत्येक आकड्यात शेवटच्या शून्य बाइटाची जागा धरलेली असते, त्यामुळे एक्स-८६ वर प्रत्यक्ष मजकुरासाठी २०४७ बाइटच मिळतात. होस्टची मर्यादा लाखाच्या घरात आणि गेस्टची दोन हजारांच्या घरात, यामुळे होस्टने विनातक्रार पुढे पाठवलेली ओळ गेस्टमध्ये अर्धवट उतरू शकते.

एक्स-८६ गेस्टसाठी ही मर्यादा कर्नलच्या फाइलीतूनच वाचता येते. बूट प्रोटोकॉलच्या २.०६ या आवृत्तीपासून, म्हणजे २००७ मधील २.६.२२ कर्नलपासून, कमांड लाइनची कमाल लांबी कर्नल-प्रतिमेच्या शीर्षभागात नोंदलेली असते. त्यापूर्वीच्या प्रोटोकॉलांत ती २५५ धरावी असा संकेत आहे. जुन्या लेखांत आणि इन्स्टॉलरांच्या पुस्तिकांत २५५ अक्षरांचा इशारा आढळतो, त्याचा उगम या काळातला आहे. ही नोंद वाचण्यासाठी होस्टवर ‘ओडी’ ही आज्ञा वापरावी: फाइलीचे पहिले ५६८ बाइट सोडावेत आणि पुढचे ४ बाइट एक धन पूर्णांक म्हणून दशमान पद्धतीत छापायला सांगावे. सर्वसाधारण वितरणाच्या कर्नलवर २०४७ हे उत्तर येईल. हा आकडा त्या विशिष्ट फाइलीचा असल्याने ऐकीव माहितीपेक्षा त्याच्यावर विसंबणे केव्हाही बरे.

यानंतर आपण पाठवत असलेली ओळ मोजावी. ‘डब्ल्यूसी’ आज्ञेला ‘सी’ हा पर्याय देऊन बाइट मोजावेत. अक्षरे मोजणारा ‘एम’ पर्याय येथे उपयोगाचा नाही. एरवी या दोन्हींत फरक पडत नाही, पण एखाद्या फाइलीच्या मार्गात किंवा डिस्कच्या लेबलमध्ये देवनागरी अक्षरे असतील तर पडतो, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसह, ३ बाइट घेते. ‘मराठी’ हा डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसणारा शब्द तेथे १५ बाइटांचा होतो. गेस्ट लिबव्हर्ट या व्यवस्थापन-साधनामार्फत चालवत असाल, तर एक्सएमएल व्याख्येतील मजकूर जसाच्या तसा मोजू नये. अवतरणचिन्हे आणि अँपरसँड यांसाठी तेथे लिहिलेल्या लांब खुणांचा कर्नलपर्यंत पोहोचताना एकेकच बाइट होतो. लिबव्हर्ट प्रत्येक गेस्टसाठी एक लॉग ठेवते आणि त्यात क्यूईएमयूला प्रत्यक्ष दिलेली संपूर्ण आज्ञा असते. ‘अपेंड’चा मजकूर तेथून घ्यावा.

गेस्टच्या आत मोजताना ‘प्रॉक’ फाइल प्रणालीतील ‘सीएमडीलाइन’ ही फाइलच प्रमाण मानावी. तिच्या अखेरीस नव्या ओळीचे एक चिन्ह असते, म्हणून ‘डब्ल्यूसी’ने २०४८ हा आकडा दाखवला तर मजकूर २०४७ बाइटांचा आहे, म्हणजे जागा काठोकाठ भरली आहे आणि काहीतरी कापले गेले असण्याची दाट शक्यता आहे. ‘डीमेसेज’मधील ‘कर्नल कमांड लाइन’ या ओळीवर मात्र विसंबू नये. कर्नलच्या लॉगमधील एका नोंदीची स्वतःची मर्यादा सुमारे १००० अक्षरांची असल्याने तेथे ओळ अर्ध्यावर तुटलेली दिसू शकते, जरी कर्नलला ती पूर्ण मिळालेली असली तरीही. या एका दृश्यामुळे अनेक जण नसलेल्या दोषाच्या मागे लागतात.

होस्टकडचा आणि गेस्टकडचा आकडा जुळत नसेल तर मधल्या मजकुराकडे पाहावे, कारण कमांड लाइनमध्ये भर घालणारे आपण एकटेच नसतो. ग्रब हा बूटलोडर वापरल्यास तो आपल्या परीने कर्नल-प्रतिमेचा मार्ग सुरुवातीला जोडतो. कर्नल संकलित करताना अंगभूत कमांड लाइन घातलेली असेल, तर एक्स-८६ वर तिची आणि बाहेरून आलेल्या ओळीची बेरीज त्याच २०४८ बाइटांत बसवावी लागते. क्यूईएमयूच्या ‘मायक्रोव्हीएम’ या हलक्या मशीन-प्रकारात एसीपीआय (उपकरणांची माहिती तक्त्यांतून देणारी व्यवस्था) बंद असेल, तर प्रत्येक व्हर्टआयओ (व्हर्च्युअल) उपकरणाचा पत्ता आणि इंटरप्ट क्रमांक सांगणारा एकेक पॅरामीटर आपोआप जोडला जातो. असा एकेक पॅरामीटर ३५ ते ४० बाइटांचा असतो, म्हणजे आठ उपकरणांसाठी सुमारे ३०० बाइट खर्ची पडतात. तेथे एसीपीआय चालू केल्यास ही माहिती त्याच्या तक्त्यांतून मिळते आणि तेवढी जागा मोकळी होते. फायरक्रॅकर हे व्हर्च्युअल मशीन चालवणारे दुसरे साधनही उपकरणे कळवण्यासाठी कमांड लाइनचा असाच वापर करते.

कापाकापी पुन्हा लक्षात यावी म्हणून ओळीच्या अगदी शेवटी एक खूण ठेवण्याची सवय मी लावून घेतली आहे, आणि ती प्रत्येकाने लावावी असे मला मनापासून वाटते. या खुणेच्या नावात बिंदू असावा. बिंदू असलेले अनोळखी नाव कर्नल एखाद्या मॉड्यूलचा (कर्नलला वेगळ्याने जोडता येणाऱ्या भागाचा) पॅरामीटर समजतो आणि सोडून देतो. बिंदू नसलेले अनोळखी नाव मात्र तो ‘इनिट’कडे, म्हणजे गेस्टमधील पहिल्या प्रक्रियेकडे, पर्यावरण-चल किंवा आर्ग्युमेंट म्हणून पाठवतो. गेस्ट सुरू झाल्यावर एका लहानशा सेवेने ‘सीएमडीलाइन’ फाइलीत ही खूण शोधावी आणि न सापडल्यास मोठ्याने तक्रार करावी. त्याच वेळी ओळीतील क्रमही सुधारून घ्यावा: मूळ फाइल प्रणाली, कन्सोल आणि ज्यांच्यावाचून गेस्ट उभाच राहणार नाही असे पॅरामीटर आरंभी, आणि सोयीचे तेवढे नंतर. कन्सोल एकाहून अधिक असल्यास त्यांचा आपापसातील क्रम मात्र बदलू नये, कारण शेवटी दिलेला कन्सोलच मुख्य ठरतो.

आता लांबी कमी करण्याकडे वळू. बहुतेक लांबलचक ओळींमध्ये कर्नलचा ज्यांच्याशी संबंध नाही अशाच गोष्टी जास्त असतात. सीपीयूंच्या याद्यांपासून सुरुवात करावी, कारण ‘आयसोलसीपीयूज’, ‘नोहर्ट्झ-फुल’ आणि ‘आरसीयू-नोसीबीज’ या तिन्हींत एकच यादी पुन्हा पुन्हा येते; स्क्रिप्टने तयार केलेली सुटी सुटी संख्या काढून तेथे ‘२ ते ६३’ अशी सलग व्याप्ती आडव्या रेघेने लिहिल्यास शेकडो बाइट वाचतात. मॉड्यूलांचे पर्याय आणि त्यांच्यावरील बंदी ‘मॉडप्रोब.डी’ डिरेक्टरीतील फाइलींत न्यावी आणि इनिटआरडी (बूटच्या आरंभी वापरली जाणारी तात्पुरती फाइल प्रणाली) नव्याने तयार करावी. कर्नलमध्येच अंतर्भूत असलेल्या चालकांचे पर्याय मात्र कमांड लाइनवरच राहतात. ‘सिसकंट्रोल’ची (चालू कर्नलच्या सेटिंगांची) मूल्ये ‘सिसकंट्रोल.डी’मध्ये ठेवावीत आणि सिस्टमडी या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेवा डिस्क-प्रतिमेतच बंद कराव्यात. स्वयंचलित स्थापनेसाठी डझनभर उत्तरे ओळीत देण्यापेक्षा किकस्टार्ट किंवा प्रीसीड फाइलीचा पत्ता तेवढा द्यावा. क्लाउड-इनिट (गेस्टची सुरुवातीची जुळणी करणारे साधन) असलेल्या गेस्टला ‘सीआयडेटा’ लेबलची छोटी डिस्क जोडली, की नेटवर्कपासून वापरकर्त्यांपर्यंतचा सगळा तपशील तिच्यात मावतो.

गेस्टला केवळ थोडी माहिती पुरवायची असेल तर क्यूईएमयूची ‘एफडब्ल्यू-सीएफजी’ ही सोय मला सर्वांत सरळ वाटते. होस्टवर ‘ऑप्ट’ने सुरू होणारे नाव आणि फाइलीचा मार्ग द्यावा, गेस्टमध्ये त्यासाठीचे मॉड्यूल भरलेले असेल तर ‘सिस’ फाइल प्रणालीच्या फर्मवेअर विभागात त्याच नावाखाली तो मजकूर वाचता येतो. सिस्टमडीच्या नव्या आवृत्त्या एसएमबायोसच्या (यंत्राची माहिती देणाऱ्या फर्मवेअर-तक्त्यांच्या) ११ क्रमांकाच्या नोंदींतून क्रेडेन्शियल (सेवांना द्यायची गुप्त मूल्ये) स्वीकारतात. तोही चांगला मार्ग आहे. पासवर्ड आणि टोकन तर लांबीचा प्रश्न नसतानाही कमांड लाइनवर ठेवू नयेत, कारण गेस्टमधील कोणताही वापरकर्ता ती फाइल वाचू शकतो आणि होस्टवर चालू प्रक्रियांच्या यादीत ती ओळ उघडी पडलेली असते. हाच धोका इतर मार्गांनाही लागू असल्याने मूल्य थेट आज्ञेत न लिहिता फाइलीतून द्यावे.

खुद्द कर्नलचेच पॅरामीटर पुष्कळ असतील तर ५.६ या आवृत्तीपासून उपलब्ध असलेली बूटकॉन्फिग ही योजना वापरावी. यात पॅरामीटर एका साध्या मजकूर-फाइलीत लिहायचे, कर्नलसाठीच्या नावांपुढे ‘कर्नल’ आणि बिंदू लावायचा, ‘बूटकॉन्फिग’ या साधनाला ‘ए’ पर्याय देऊन ती फाइल इनिटआरडीच्या शेवटी जोडायची आणि कमांड लाइनवर ‘बूटकॉन्फिग’ एवढा एकच शब्द लिहायचा. या फाइलीला ३२ केबीपर्यंत जागा मिळते, आणि ती कर्नलला पोहोचली की नाही हे ‘प्रॉक’मधील ‘बूटकॉन्फिग’ फाइलीत पाहता येते. येथे एक मर्यादा नीट समजून घ्यावी. ही फाइल कर्नल आपल्या आरंभीच्या टप्प्यानंतर वाचतो, म्हणून ‘मेम’, ‘अर्लीकॉन’ किंवा ‘क्रॅशकर्नल’ यांसारखे अगदी सुरुवातीला लागणारे पॅरामीटर मूळ ओळीतच ठेवावेत. बूटकॉन्फिगमधील कर्नल-पॅरामीटर ‘सीएमडीलाइन’ फाइलीतही दिसतात आणि तिची लांबी २०४८ च्या पुढे जाऊ शकते. तेव्हा वर सांगितलेले मोजमाप करताना ही भर वजा करावी.

लांबीखेरीज संख्येचीही एक मर्यादा आहे. ‘इनिट’कडे जाणारी अनोळखी आर्ग्युमेंटे आणि पर्यावरण-चले प्रत्येकी ३२ पर्यंत असावीत अशी कर्नलची मूळ मांडणी आहे, आणि ती ओलांडल्यास कर्नल पॅनिक होऊन, म्हणजे पुढे न जाता थांबून, कोणत्या शब्दापाशी अडला ते सांगतो.

कर्नलच्या स्रोतात मर्यादा वाढवून तो पुन्हा संकलित करणे हा मार्ग शेवटचाच समजावा. एक्स-८६ वर हा एका शीर्ष-फाइलीतील एका ओळीचा बदल आहे आणि प्रतिमेच्या शीर्षभागातील नोंदही त्याबरोबर आपोआप बदलते. परंतु वितरणाचा पुढचा अद्ययावत कर्नल बसवला, की मर्यादा पुन्हा २०४७ वर येते आणि लांब ओळ पूर्वीसारखीच निःशब्द कापली जाते. तरीही हा मार्ग पत्करावाच लागला, तर प्रत्येक कर्नल-बदलानंतर गेस्ट सुरू करण्यापूर्वी होस्टवरील स्क्रिप्टने तीच ५६८ बाइटांनंतरची नोंद वाचावी, तिची ‘अपेंड’च्या लांबीशी तुलना करावी आणि ओळ मोठी आढळल्यास गेस्ट सुरू करण्यास नकार द्यावा.