वेपन लाईटवरचा स्ट्रोब: या चुका टाळा, निदान पहिली तरी

"स्ट्रोब आहे का त्यात?" वेपन लाईट, म्हणजे शस्त्रावर बसवायचा टॉर्च, घ्यायचा म्हटलं की नवख्यांचा पहिला प्रश्न हा. स्विच बोटाखाली नीट येतो का, लाईटसकट पिस्तूल होल्स्टरमध्ये बसतं का, ते नंतर कधीतरी, आधी झपझप उघडझाप करणारा लखलखाट पाहिजे. मी अंधारातल्या सरावाच्या बॅचेस घेतो, एअरसॉफ्टवर (प्लास्टिकचे छर्रे मारणारी नकली पिस्तुलं), आणि तेच तेच सांगून आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

चूक पहिली: स्ट्रोबने फक्त समोरच्याचे डोळे दिपतात असं समजणं

स्ट्रोब म्हणजे काय, तर सेकंदाला साधारण 10 ते 20 वेळा उघडझाप. म्हणजे जवळपास अर्धा वेळ तुम्ही स्वतःच अंधारात उभे असता, आणि उरलेल्या अर्ध्या वेळात पांढऱ्या भिंतीवरून, आरशावरून, कपाटाच्या काचेवरून तोच उजेड परत तुमच्याच डोळ्यात येतो. काजवे दोघांच्याही डोळ्यांसमोर चमकतात, पण ट्रिगरवर बोट जाणार ते तुमचं.

एका बॅचमधला किस्सा सांगतो. बंद हॉल, भिंती पांढऱ्या, समोरचा अनोळखी माणूस म्हणून मीच उभा. एक गडी होता, हुशार होता पण भयंकर उतावळा, लाईट दोन दिवसांपूर्वी घेतलेला आणि माहितीपुस्तक अजून खोक्यातच. दार उघडलं, स्ट्रोब चालू केला आणि ओरडला "हात वर!" मी आधीच हात वर न्यायला लागलो होतो, हातात काळं पाकीट होतं. स्ट्रोबमध्ये हालचाल सलग दिसत नाही, तुकड्यातुकड्यात दिसते, त्यामुळे त्याला काय दिसलं तर एका झपक्यात हात कमरेपाशी, पुढच्या काही झपक्यांत हात छातीपाशी आणि त्यात काहीतरी काळं. दोन छर्रे माझ्या छातीवर. नंतर विचारलं काय होतं हातात, तर म्हणे पिस्तूल, ठामपणे. पाकीट त्याच्या हातात दिलं तेव्हा गडी पाच मिनिटं गप्प बसला.

आता मला त्रास झाला का? झाला ना, पहिला सेकंदभर चांगलाच झाला. मग मी मान वळवली, डोळे बारीक केले आणि दोन पावलं डावीकडे सरकलो, आणि गंमत म्हणजे ते सरकणं त्याला कळलंच नाही, तो जुन्याच जागेकडे रोखून उभा, कारण लखलखाटात अंतर आणि वेग दोन्हीचा अंदाज चुकतो. लगेच तोच प्रसंग साध्या स्थिर उजेडात परत केला, तोच माणूस, तेच पाकीट. या वेळी त्याने हात बघितला, पाकीट ओळखलं, बोट ट्रिगरपासून लांबच ठेवलं. त्याच्यात दहा मिनिटांत काही सुधारणा झाली नव्हती, फक्त त्याला दिसत होतं.

माझी सवय सांगतो, कुणाला पटो न पटो. वेपन लाईटवर स्ट्रोब असेल तर तो पहिल्या दिवशीच बंद. काही लाईटमध्ये तो नसतोच, शुअरफायर कंपनीच्या एक्स 300 मध्ये दाबून धरा किंवा चालू ठेवा, एवढंच. स्ट्रीमलाईटच्या टीएलआर-1 एचएलमध्ये स्विच पटकन दोनदा दाबला की स्ट्रोब लागतो, पण तो बंद करून ठेवता येतो. त्यांच्याच प्रोटॅक रेल माउंटमध्ये स्विच दहा वेळा टिकटिक करून मोड निवडता येतात, त्यात फक्त फुल उजेडाचाही पर्याय आहे, तोच निवडा. पाच मिनिटांचं काम आहे, पण माहितीपुस्तक उघडायला लागतं, आणि तिथेच सगळं अडतं.

"मला पाहिजे तेव्हाच लावेन"

नाही लावणार. घाबरलेल्या माणसाचं बोट स्विचवर एकदा पडत नाही, दोनदा तीनदा पडतं, आणि बऱ्याच लाईटवर दोनदा म्हणजेच स्ट्रोब. बॅचमध्ये दर वेळी एक तरी जण असा असतो जो स्थिर उजेड लावायला जातो, स्ट्रोब लागतो, आणि मग तो बंद कसा करायचा हे शोधत मान खाली घालून स्विचकडे बघत बसतो.

लाईट आपोआप स्ट्रोबवर जातो

हे स्वस्तातल्या लाईटचं दुखणं. गोळी सुटतानाच्या झटक्याने बॅटरी क्षणभर स्प्रिंगपासून सुटते, लाईटला वाटतं स्विच दाबला, मोड बदलतो. लाईट शस्त्रावरून काढा, चालू करा, तळहातावर जोरात आपटून बघा. लुकलुकला की स्प्रिंग आणि बॅटरीची टोपी बघा, आणि तरीही लुकलुकत असेल तर तो टॉर्च म्हणून वापरा, शस्त्रावर नको.

स्ट्रोब नाही म्हणजे लाईट कमजोर?

ल्युमेन बघून भुलू नका. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड, कॅन्डेला म्हणजे झोत किती तीव्र, आणि लक्स म्हणजे समोर प्रत्यक्ष किती पडतो. टीएलआर-1 एचएल 1000 ल्युमेन आणि 20,000 कॅन्डेला, तर एक्स 300 टर्बो 650 ल्युमेन आणि 66,000 कॅन्डेला. दहा मीटरवर हिशोब केला तर पहिल्याचे 200 लक्स, दुसऱ्याचे 660. समोरच्याला डोळे मिटायला लावायचे असतील तर हा स्थिर झोत पुरतो, आणि तुम्हाला त्याचे हातही दिसत राहतात.

व्हिडिओ बघून ठरवणं

कॅमेऱ्यात स्ट्रोब असतो त्यापेक्षा भयंकर दिसतो, कारण फ्रेमचा वेग आणि झपक्यांचा वेग जुळत नाही. पुढे बोलायचं काही नाही.

वेपन लाईटलाच टॉर्च समजणं

ही माझी दुसरी डोकेदुखी, आणि स्ट्रोबपेक्षा जास्त धोक्याची. जिकडे उजेड तिकडे नळी. खट्ट झालं म्हणून बघायला गेलात आणि घरातलंच कुणी पाणी प्यायला उठलं असेल तर तुम्ही त्याच्यावर शस्त्र रोखलेलं असतं. शोधायला हातातला वेगळा टॉर्च. शस्त्र हातात असेलच तर नळी जमिनीकडे, फरशीवरून उसळलेल्या उजेडात खोलीभर पुरेसं दिसतं. आणि स्ट्रोबची फारच हौस असेल तर ती या हातातल्या टॉर्चवर भागवा, मोकळ्या जागेत लांबून लक्ष वेधायला, मदतीला आलेल्यांना आपण कुठे आहोत ते दाखवायला तो खरंच कामाचा आहे.

आणखी दोन-तीन पटापट. दोघांनी एकाच खोलीत एकाच वेळी स्ट्रोब लावू नका, कुणालाच काही दिसत नाही. सेकंदाला साधारण 3 ते 30 झपके प्रकाशाने येणाऱ्या फिट्सना निमंत्रण देतात, तेव्हा सरावाआधी सगळ्यांना तसं विचारा. घरी सराव करताना शस्त्र रिकामं, दोनदा तपासलेलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत. गोळीबाराने लाईटच्या काचेवर काजळी धरते, काचेवर ओठांना लावायच्या बामचा पातळ हात आधीच फिरवून ठेवला की नंतर नुसत्या फडक्याने निघते. त्या उतावळ्या गड्याने मागच्या बॅचच्या वेळी मला फोन करून विचारलं, "सर, बॅटरी किती दिवसांनी बदलायची?" मी म्हटलं माहितीपुस्तकात बघ. तर म्हणे, खोकं फेकलं.