डिटेक्टर पाहून मोबाइल फेज, आणि पंपाच्या आधी गॅस

नाशिककडच्या सातपूर, अंबड, सिन्नरच्या औषध कारखान्यांतल्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये एकाच एचपीएलसीवर, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, आज यूव्ही डिटेक्टर (अतिनील प्रकाश किती शोषला ते मोजणारा), तर उद्या ईएलएसडी (द्रव उडवून उरलेल्या कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजणारा) चालतो. नमुना यंत्रातून वाहून नेणारा द्रव म्हणजे मोबाइल फेज. डिटेक्टर बदलला, पण बफरची (फेजची आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाची) बाटली तीच राहिली, की घोटाळा झालाच म्हणून समजा.

यूव्हीला फेज पारदर्शक हवी. अ‍ॅसिटोनायट्राइल खाली १९० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत चालतं, मिथेनॉल साधारण २०५ पर्यंत. २१० वर मिथेनॉलचा ग्रेडियंट (रनमध्ये प्रमाण बदलत नेणं) लावला तर बेसलाइन (नमुना नसतानाची सिग्नलची रेघ) चढत जाते, अ‍ॅसिटेट बफरही तिथे आड येतो. फॉस्फेट मात्र उत्तम.

ईएलएसडी आणि सीएडीला (तसाच द्रव उडवून कणांवरचा विद्युतभार मोजणारा डिटेक्टर) हेच फॉस्फेट वर्ज्य. इथे फेज पूर्ण उडून जायला हवी, म्हणून अमोनियम फॉर्मेट किंवा अ‍ॅसिटेट (५ ते १० मिलिमोलर), नाहीतर ०.१ टक्के फॉर्मिक आम्ल. लाइनमध्ये आधी फॉस्फेट होतं? मग पाण्याने नीट धुऊन काढा आणि मगच डिटेक्टर जोडा. फेजबद्दल शंका असेल तर स्वच्छ वॉचग्लासवर ५ मिली घ्या, हुडमध्ये मंद तापलेल्या हॉटप्लेटवर वाळवा आणि काच उजेडाकडे तिरकी धरा. कडेला पांढरी रेघ राहिली तर ती फेज वापरू नका. अ‍ॅसिटेट उडायला वेळ लागतो, तेव्हा घाई नको. रेघ आली की पहिला संशय साबणाने धुतलेल्या बाटलीवर घ्या, सॉल्व्हंटवर नंतर.

आरआय (अपवर्तनांक मोजणाऱ्या) डिटेक्टरला ग्रेडियंट चालतच नाही. फेज एकाच बाटलीत आधीच मिसळा आणि रेफरन्स सेल (तुलनेसाठीचा कप्पा) त्याच फेजने भरून घ्या.

मिसळताना अ‍ॅसिटोनायट्राइल आणि पाणी वेगवेगळं मोजा. एकत्र केलं की बाटली हाताला गार लागते. ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच गाळा. पाणी असलेल्या फेजला ०.४५ मायक्रॉनचा नायलॉन फिल्टर लावा, यूएचपीएलसीला (जास्त दाबाच्या एचपीएलसीला) ०.२ चा. पीटीएफई फिल्टर पाण्याने भिजत नाही, तो शुद्ध सॉल्व्हंटपुरताच ठेवा. नाशिकच्या थंडीत फॉस्फेट बफर जास्त अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये मिसळून रात्रभर ठेवला तर तळाशी खडे दिसतात, आणि तेच पंपाचं सील खातात.

आता गॅस. ईएलएसडीला कोरडा, तेलाचा अंश नसलेला नायट्रोजन लागतो. दाब आणि प्रवाह मॅन्युअलमध्ये दिलेलाच ठेवा. ४७ लिटरच्या, १५० बारच्या सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर गॅस असतो. तळाचा थोडा सोडून ६००० लिटर वापरायला मिळतो असं धरा. मिनिटाला ३ लिटर लागले तर २००० मिनिटं, म्हणजे साधारण ३३ तास. शनिवारी संध्याकाळी लावलेली लांब सीक्वेन्स (नमुन्यांची रांग) सोमवारी सकाळपर्यंत टिकणार नाही, हा हिशेब सीक्वेन्स लावण्याआधीच करा. मास स्पेक्ट्रोमीटरला मिनिटाला १५ लिटर लागले तर तोच सिलिंडर पावणेसात तासांतच संपतो. तिथे जनरेटर किंवा द्रव नायट्रोजनचा ड्युअरच (उष्णतारोधक टाकी) हवा. पावसाळ्यात जनरेटरच्या कॉम्प्रेसरचा ड्रेन रोज पाहा, लाइनमध्ये पाणी येतं.

सुरू करताना आधी गॅस, मग ड्रिफ्ट ट्यूबचं (जिथे फेज उडते त्या गरम नळीचं) तापमान, आणि ते स्थिर झाल्यावर पंप. बंद करताना आधी पंप, आणि गॅस १५ मिनिटांनी. हा क्रम उलटला तर द्रव ट्यूबमध्ये साचतो आणि नंतर दिवसभर बेसलाइन थरथरत राहते.

हाच क्रम कोणी हात न लावता उलटण्याचीही सोय असते: एचपीएलसी यूपीएसवर, कॉम्प्रेसर मात्र साध्या लाइनवर. वीज गेली की गॅस थांबतो, पंप फेज ढकलत राहतो. म्हणून गॅसचा दाब उतरताच पंप थांबेल अशी सेटिंग करा आणि बाजूला भरलेला सिलिंडर चेंजओव्हर व्हॉल्व्हला (एका स्रोतावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या) जोडून, साखळीने बांधून ठेवा. ईएलएसडीचा एक्झॉस्ट खोलीत सोडू नका, हुडच्या डक्टला जोडा. पाइपचा उतार डिटेक्टरकडे नसावा, नाहीतर थंड झालेलं सॉल्व्हंट परत आत वाहतं.