पोराचा खोकला महिना झाला तरी जात नाही, काय करायचं?

माझ्या धाकट्या लेकीचा खोकला गणपतीत सुरू झाला आणि शिमगा आला तरी चालूच. वय तेव्हा पाच. मधल्या काळात तीन डॉक्टर झाले, तिघांनीही मनापासून बघितलं, पण प्रत्येकाला ती दहा मिनिटं दिसली, एकाला तापात, एकाला ठणठणीत, एकाला गाडी लागून मलूल झालेली. अख्खा खोकला बघणारे आम्हीच, घरातले, आणि आम्हाला विचारलं की आम्ही सांगणार "खूप खोकते हो डॉक्टर". त्यातून कुणाला काय कळणार? हे लक्षात यायला मला पाच महिने लागले, म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, सिंधुदुर्गातल्या एका वाडीत राहणारी आई आहे, पण पाच महिन्यांत जे शिकले आणि जे डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं ते सांगते.

आधी घाईचं. पोर झोपलेलं किंवा शांत असताना छाती-पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, असा आकडा आला तर वाट बघत बसू नका, सरळ दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडतोय, ओठ निळसर होतायत, पाणीसुद्धा पीत नाहीये, हाक मारली तर डोळे उघडत नाहीये, खोकल्यातून रक्त आलं, किंवा खाता-खेळता अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला, तर १०८ ला फोन करा, रात्र असली तरी. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा खोकला घरी बघत बसायचाच नाही.

आता बाकीच्यांचं. सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे राहू शकतो, त्यात वेगळं काही नाही. बालवाडीत जाणाऱ्या पोरांना वर्षात सहा-आठ सर्द्या होतातच, एक संपते न संपते तोच दुसरी, आणि आपल्याला वाटतं हा एकच खोकला तीन महिने चाललाय. म्हणून पहिला प्रश्न हा, मध्ये आठ-दहा दिवस पूर्ण बिनखोकल्याचे गेले का? गेले असतील तर त्या वेगवेगळ्या सर्द्या. नसतील आणि चार आठवडे रोज खोकला असेल तर तो जुना खोकला, त्याचं कारण शोधावंच लागतं.

कारण शोधायला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला तर शाळेच्या शंभर पानी वहीचा. एका पानाला एक दिवस. रात्री किती वेळा उठली, खोकला कोरडा की ओला (ओला म्हणजे छातीत कफ घोळल्यासारखा आवाज, पोर थुंकत नाही, गिळून टाकतं, त्यामुळे कफ दिसला नाही म्हणजे कोरडा असं समजू नका), सकाळी उठल्याउठल्या कसा, धावल्यावर वाढतो का, हसल्यावर, गार काही प्यायल्यावर, जेवल्यावर, आडवं झाल्यावर. गाढ झोपेत खोकते की नाही हे मुद्दाम लिहा, त्यासाठी मी आठवडाभर जागून ऐकलंय. त्या दिवशी घरात काय झालं तेही, चूल पेटली, शेजारी पातेरा (वाळका पालापाचोळा) जाळला, पाहुणे आले, मामाकडे गेलो. औषध कुठलं, कुठल्या तारखेला सुरू, कुठल्या तारखेला बंद. महिन्यातून एकदा अंगणवाडीत नेऊन वजन. आणि फोनवर खोकल्याचा व्हिडिओ, तीस सेकंदांचा पुरे, पण आवाज स्पष्ट हवा, टीव्ही बंद करून, शर्ट वर करून छाती दिसेल असा. दवाखान्यात पोहोचलं की पोर खोकत नाही, हे सगळ्या आयांना माहितीय.

आमच्या वहीने काय दाखवलं ते सांगते. धावताना ती कधीच खोकत नव्हती. खोकला ओला, सगळ्यात जास्त सकाळी उठल्यावर. ताप नाही, खाणं बरं, एक्सरे जवळजवळ स्वच्छ. छाती घरघरते म्हणून दमा समजून पंप दिला होता, त्याने सहा आठवड्यांत तसूभर फरक नाही. पण तीन वेळा अँटिबायोटिक झालं होतं, प्रत्येक वेळी पाच दिवसांचं, आणि तिन्ही वेळा चौथ्या दिवशी खोकला उतरलेला आणि कोर्स संपल्यावर आठवड्याभरात परत तोच. तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे झालेल्या या तीन गोष्टी एका कागदावर कधी आल्याच नव्हत्या. घाटावरच्या एका छातीच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी वही वाचली, व्हिडिओ दोनदा ऐकला आणि म्हणाल्या, याला प्रोट्रॅक्टेड बॅक्टेरियल ब्रॉन्कायटिस म्हणतात, श्वासनळ्यांत जंतू मुक्काम ठोकून बसतात, थोड्या दिवसांच्या औषधाने दबतात पण जात नाहीत, त्याला सलग दोन आठवडे औषध लागतं, कधी त्याहून जास्त. लहान पोरांत हे बरंच दिसतं आणि बऱ्याचदा दमा समजलं जातं. ते औषध सुरू केल्यावर दहाव्या दिवशी सकाळी ती उठून गप्प बसली होती, मला वाटलं काहीतरी बिनसलं, मग लक्षात आलं की खोकला नाहीये.

पण म्हणून कुणी स्वतःच्या मनाने मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून दोन आठवडे देऊ नका, हात जोडून सांगते. तुमच्या पोराचं कारण वेगळं असू शकतं. कोरडा खोकला, पहाटे किंवा रात्री, धावलं-हसलं की वाढतो, घरात कुणाला दमा किंवा अंगावर खाज-चट्टे, तर डॉक्टर दम्याच्या बाजूने विचार करतात. पाच-सहा वर्षांच्या पुढचं पोर असेल तर फुंकर मारायची टेस्ट, स्पायरोमेट्री, करता येते, त्याहून लहान असेल तर पंप काही आठवडे देऊन बघतात. पंपाची सवय लागते हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे, सवय लागत नाही, फक्त स्पेसर (पंप आणि तोंड यांच्या मध्ये लावायची प्लॅस्टिकची नळी) लावून द्यायचा आणि नंतर चूळ भरायला लावायची. तोंड उघडं ठेवून झोपतंय, घोरतंय, नाक सतत चोंदलेलं, तर ॲडिनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढलेलं किंवा नाकातून घशात उतरणारा शेंबूड. खोकून खोकून उलटी होते, श्वास आत घेताना हूऽप असा आवाज येतो, तर डांग्या खोकला, लसीचं कार्ड काढा आणि १६ ते २४ महिन्यांचा आणि ५-६ वर्षांचा बूस्टर झालाय का बघा, आपल्याकडे दुसरा बऱ्याच जणांचा राहतो. दिवसभर भोंग्यासारखा खोकला आणि झोपेत एकदाही नाही, तर तो सवयीचा खोकला असू शकतो, पोर नाटक करत नसतं, त्याला ओरडू नका, त्यावर वेगळा इलाज आहे. कानात मळ घट्ट बसला तरी काही पोरांना खोकला येतो, कानातल्या एका नसेमुळे, त्यामुळे कान बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि एक गोष्ट आमच्या भागात फार विचारायला हवी, शेंगदाणा, काजूचा तुकडा, सुपारी, चिंचोका. तीन वर्षांच्या आतल्या पोराला कधीतरी खाताना जोराचा ठसका लागला, मग बरं वाटलं, आणि पंधरा दिवसांनी न जाणारा खोकला. असले तुकडे एक्सरेत दिसत नाहीत. ठसका लागल्याचं आठवत असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, दुर्बिणीने बघावं लागतं.

टीबीबद्दल स्पष्ट लिहिते कारण गावात हा शब्द कुणी मोठ्याने बोलत नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला, त्यासोबत ताप, वजन न वाढणं किंवा कमी होणं, खेळायची इच्छा नाही, घरात किंवा शेजारी कुणाला टीबी, तर तपासणी करायचीच. मुंबईहून मे महिन्यात आलेला काका बरेच दिवस खोकतोय हेसुद्धा सांगायचं. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट आहेत, हेल्पलाइन १८००-११-६६६६. लहान पोरांना थुंकी काढता येत नाही, म्हणून सकाळी उपाशीपोटी नळीने पोटातला नमुना घेतात, बघायला वाईट वाटतं पण करू द्या. उलट बाजूही आहे, नुसत्या एक्सरेवर "प्रायमरी कॉम्प्लेक्स" (लहान पोरांच्या टीबीला डॉक्टर हे नाव देतात) म्हणून सहा महिन्यांची औषधं सुरू करायला सांगितली तर नमुना तपासला का हे शांतपणे विचारा.

घराकडे बघा आता. आमच्याकडे ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, चिऱ्याची भिंत चार महिने ओली, गादीखाली बुरशी, कपाटामागे बुरशी. आम्ही पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढला, भिंत साबणाच्या पाण्याने पुसून काढली (पोर बाहेर, पुसणाऱ्याच्या तोंडाला फडकं), गोधड्या कडक गरम पाण्यात, आणि ऊन पडलं की सगळं खळ्यात. यानेच लेक बरी झाली असं नाही, पण नाक चोंदणं कमी झालं हे वहीत दिसतं. धुराचं तर विचारूच नका. न्हाणीची चूल, मच्छरची कॉइल, आजोबांची विडी (अंगणात ओढली तरी तोच शर्ट घालून नातीला मांडीवर घेतात), गणपतीत अकरा दिवस अगरबत्ती-धूप-कापूर, मोहोर आला की आंब्याच्या फवारण्या, मार्च-एप्रिलात कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या) आणि पातेरा घालून शेतं भाजतात तो धूर, काजूच्या बिया भाजतात तो धूर तर डोळ्यांत आणि छातीत दोन्हीकडे झोंबतो. सगळं बंद करता येत नाही हे मला माहितीय. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावता येते. बिया भाजताना पोराला वाऱ्याच्या उलट बाजूच्या घरी पाठवता येतं. फवारणी कधी आहे हे बागवाल्याला आदल्या दिवशी विचारता येतं, आणि त्या दिवशी खिडक्या बंद.

सासूबाई म्हणाल्या, "चेडवाक दिष्ट लागली आसा गो." काढू दिली दृष्ट, त्यांचाही जीव तुटत होता. फक्त मिरच्या घरातल्या चुलीत न टाकता बाहेर परड्यात टाकायला सांगितलं, तो ठसका तिच्या छातीला नको. घरगुती उपायांत मध चालतो, चमचाभर, झोपताना, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. कोमट पाणी, पेज, गवती चहा ठीक. नाकात तेल-तूप सोडू नका, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी नको. कापूर पोटात गेला तर झटके येतात, तो लांबच ठेवा. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफ देताना पोरं भाजतात, आमच्या आवाठातच (वस्तीतच) झालंय, वाफ नकोच.

कफ सिरपचं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याला किडन्या बंद पडून पोरं गेली, त्यांना दिलेल्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं. त्यानंतर केंद्राने परत बजावलं, दोन वर्षांच्या आत सर्दी-खोकल्याची सिरप देऊच नयेत, पाच वर्षांच्या आतही सहसा नकोत. मोठ्या भावाची उरलेली बाटली, शेजारणीने दिलेली बाटली, मेडिकलवाल्याने "हे घ्या, मस्त आहे" म्हणून दिलेली बाटली, यातलं काही नको. त्यांचा फायदाही फारसा होत नाही, पोर गुंगीत पडतं आणि आपल्याला वाटतं बरं वाटतंय.

डॉक्टरांकडे गेल्यावर तीन गोष्टी विचारा. तुम्हाला काय वाटतंय? या औषधाने किती दिवसांत फरक दिसायला हवा? नाही दिसला तर पुढे काय? एका वेळी एकच औषध बदललं तर कशाने फरक पडला ते कळतं, तीन एकदम सुरू झाली की काहीच कळत नाही. आणि शक्य असेल तर डॉक्टर बदलू नका, त्याच माणसाकडे ठरलेल्या दिवशी परत जा. मी हेच चुकले, दर वेळी नवीन दार, आणि प्रत्येक दारात पहिल्यापासून सुरुवात.

खोकला गेल्यावरही महिनाभर वही लिहा. ओला खोकला वर्षात तीनदा-चारदा परत आला तर पुढच्या तपासण्या लागतात, कदाचित सीटी स्कॅन, तेव्हा गोव्यात बांबोळीला, कोल्हापूरला किंवा मुंबईला जावं लागेल. जाताना वही, लसीचं कार्ड, सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि रिकाम्या बाटल्यांचे फोटो, एक्सरेचा नुसता रिपोर्ट नाही तर फिल्म, आणि पावसाचे दिवस असतील तर फिल्म प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून, कारण आमची एक स्टेशनवरून रिक्षापर्यंत जाताना भिजली आणि तो एक्सरे परत काढावा लागला.