परस्पर संमतीचा घटस्फोट : या चुका टाळा

दोघांचंही ठरलंय, भांडण नाही, मग कोर्टात कशाला जायचं, असं म्हणून इंदूरची काही मराठी कुटुंबं वडीलधाऱ्यांच्या बैठकीतच सगळं मिटवतात. स्टॅम्पपेपरवर फारकत लिहिली, दोन साक्षीदार आणले, नोटरीचा शिक्का मारला की झालं! ही सर्वांत घातक चूक. समाजाची जुनी, कोर्टात सिद्ध होणारी रूढी असेल तर गोष्ट वेगळी. एरवी हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न अशा कागदाने मोडत नाही. त्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं आणि तो गुन्हाही आहे.

रस्ता आहे तो १९५५ च्या कायद्यातल्या कलम १३-ब चा. किमान एक वर्ष वेगळं राहिल्यावर दोघांनी मिळून कुटुंब न्यायालयात अर्ज करायचा. वेगळं म्हणजे वेगळ्या घरातच असं नाही. एका छपराखाली राहूनही नवरा-बायकोचं नातं संपलेलं असू शकतं. पण वर्ष भरावं म्हणून खोटी तारीख घालू नका. अर्जातला मजकूर शपथेवर असतो.

लग्न पुण्यात, संसार बंगळुरूत आणि मुलगी आता इंदूरच्या लोकमान्य नगरात माहेरी, अशी स्थिती असली तरी अर्ज इंदूरला करता येतो, कारण पत्नी अर्जदार असेल तर ती राहते तिथलं न्यायालय चालतं. आपल्याकडे सासरी नाव बदलतात, तेवढं सांभाळा. आधारवर एक, मार्कशीटवर दुसरं असेल तर दोन्ही नावं 'उर्फ' लावून अर्जात घाला, नाहीतर पुढे पासपोर्टपासून बँकेपर्यंत हुकूमनाम्याची, म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम आदेशाची, अडचण होते.

खरं काम समझोत्याच्या कागदात आहे, आणि घाई नेमकी तिथेच होते. 'दागिने परत दिले जातील' एवढंच लिहू नका. पाटल्या किती, त्यांचं वजन काय, लॉकर कुणाच्या नावावर, हे सगळं यादीत हवं. पोटगीची रक्कम, ती देण्याची तारीख आणि पद्धत स्पष्ट लिहा. मूल कुणाकडे राहणार, सुट्ट्यांत कुठे, शाळेची फी कोण भरणार, हेही. 'मुलासाठी काही नको' असं रागाच्या भरात आईने लिहून देऊ नये. पालनपोषणाचा हक्क मुलाचा आहे, तो तिला सोडता येत नाही. गृहकर्ज दोघांच्या नावावर असेल तर बँक तुमच्या समझोत्याने बांधली जात नाही, तिच्याशी आधी बोला. छळाचा गुन्हा दाखल असेल तर तो घटस्फोटाबरोबर आपोआप संपत नाही. तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात वेगळा अर्ज लागतो. इंदूरला खंडपीठ असल्यामुळे त्यासाठी जबलपूर गाठावं लागत नाही.

सगळी रक्कम पहिल्याच पेशीला (सुनावणीला) देऊन टाकू नका. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केलं आहे. हप्ते पाडा आणि शेवटच्या हप्त्याचा बँक ड्राफ्ट दुसऱ्या मोशनला द्या. अर्ज करून दोघं पहिल्यांदा संमती सांगतात ती पहिली मोशन, आणि नंतर तीच संमती पुन्हा सांगून हुकूमनामा मागतात ती दुसरी. यात अविश्वास नाही, दोन्ही बाजूंचं रक्षण आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या मोशनमध्ये सहा महिने जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून न्यायालय ते माफ करू शकतं, पण मागितलं की मिळतंच असं नाही. पहिल्या मोशनपूर्वीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न संपलेले हवेत आणि पोटगी-मुलांचा प्रश्न खरोखर सुटलेला हवा. म्हणून जेमतेम वर्ष भरताच अर्ज करणाऱ्यांनी सवलत गृहीत धरून परदेशाची तिकिटं काढू नयेत. उलट रेंगाळणंही नको. अर्जापासून अठरा महिन्यांत दुसरी मोशन झाली नाही, तर हुकूमनामा द्यायला न्यायालय बांधील राहत नाही.

निकालानंतर प्रमाणित नकला दोन-तीन काढून ठेवा. पीएफ, विमा आणि बँक खात्यांवरचं जुनं नामनिर्देशनही त्याच आठवड्यात बदलून घ्या.