तोक्योतील गिंको वृक्षांचा सोनेरी रस्ता: केव्हा जावे, कोठून पाहावे

तोक्योच्या मेइजी जिंगू गाइएन (मेइजी देवस्थानाचे बाह्य उद्यान) परिसरात आओयामा-दोरी या हमरस्त्यापासून उत्तरेकडे, स्मारक चित्रदालनाच्या दिशेने, सुमारे 300 मीटर लांबीचा एक सरळ रस्ता जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन ओळींत मिळून 146 गिंको वृक्ष उभे आहेत. 1923 मध्ये लावताना ते उंचीनुसार मांडण्यात आले, म्हणजे आओयामा-दोरीच्या टोकाला सर्वांत उंच आणि चित्रदालनाकडे क्रमाने ठेंगणे. त्यामुळे दक्षिण टोकावरून पाहणाऱ्याला रस्ता प्रत्यक्षाहून लांब भासतो आणि नजर आपोआप टोकाला असलेल्या चित्रदालनाच्या घुमटावर जाऊन स्थिरावते. हा देखावा मुळातच एका विशिष्ट जागेवरून पाहण्यासाठी रचलेला असल्याने, कोणत्या दिवशी जावे याइतकाच कोठे उभे राहावे हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

पाने नोव्हेंबरच्या मध्यापासून पिवळी पडू लागतात आणि बहुतेक वर्षी नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते डिसेंबरचे पहिले काही दिवस हा उत्तम काळ असतो. रात्री थंड होऊ लागल्या की पानांतील हरितद्रव्याचे विघटन होते आणि आधीपासून तेथेच असलेली पिवळी रंगद्रव्ये दिसू लागतात. म्हणून शरद ऋतू उबदार गेला तर रंग लांबतो. प्रवास आखताना एकाच दिवसावर भिस्त ठेवू नये, शहरातील मुक्कामात तीन-चार दिवस मोकळे ठेवून त्यांतला निरभ्र दिवस निवडावा.

खरी मेख प्रकाशात आहे. या दिवसांत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 34 अंश वर येतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चार वाजता पोहोचणाऱ्याच्या वाट्याला सावलीच अधिक येते. दक्षिण टोकावरून चित्रदालनाकडे पाहताना दुपारच्या आधी-नंतर सूर्य पाठीशी असतो, तेव्हा पिवळा रंग निळ्या आकाशावर ठसठशीत उठून दिसतो. मात्र तेवढ्यावर परत फिरू नये. रस्ता संपेपर्यंत चालत जावे आणि तेथून मागे वळून सूर्याच्या दिशेने पाहावे. गिंकोचे पंख्यासारखे पान पातळ असल्यामुळे ऊन त्याच्या आरपार येते आणि संपूर्ण झाड आतून उजळल्यासारखे दिसते. माझ्या मते प्रसिद्ध छायाचित्रांतील समोरच्या दृश्यापेक्षा हे उलट दिशेचे दृश्य अधिक सुंदर आहे.

चालण्यासाठी दोन ओळींच्या मधला पदपथ निवडावा, कारण तेथे डोक्यावर दोन्ही बाजूंच्या फांद्या येतात. छायाचित्रासाठी वाहनांच्या रस्त्यात मधोमध उतरणे कटाक्षाने टाळावे. सरळ दृश्य हवे असेल तर पादचारी सिग्नल हिरवा असताना रस्ता ओलांडता-ओलांडता टिपावे, थांबू नये. हंगामातल्या शनिवार-रविवारी पदपथावर पाऊल ठेवायला जागा नसते, तेथे तिपाई उभी करणे इतरांवर अन्याय करणारे आहे. कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास गेल्यास निवांतपणा आणि कोवळे ऊन दोन्ही मिळण्याची शक्यता अधिक असते.

आओयामा-इच्चोमे आणि गाइएनमाए ही दोन्ही भुयारी रेल्वे स्थानके दक्षिण टोकापासून पायी थोड्या अंतरावर आहेत. जेआर (जपान रेल्वे) च्या शिनानोमाची स्थानकावरून आल्यास मात्र आपण चित्रदालनाच्या बाजूने पोहोचतो आणि रचनाकाराने योजलेले दृश्य सुरुवातीला हुकते.

गिंकोत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. मादी झाडाखाली पडलेल्या बियांच्या मांसल आवरणाला उग्र दुर्गंधी असते आणि त्याच्या स्पर्शाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, तेव्हा खाली पडलेले काही उचलायचे असेल तर फक्त पानेच उचलावीत. पाने गळू लागली म्हणून बेत रद्द करण्याचे कारण नाही, कारण गिंकोची पाने थोड्याच दिवसांत एकदम झडतात आणि तेवढ्या काळापुरती जमीनही फांद्यांइतकीच पिवळी होते. पावसानंतर हा थर निसरडा होतो, म्हणून गुळगुळीत तळव्यांचे बूट घालून जाऊ नये.