सेडानच्या डिकीत साउंड सिस्टीम बसवताय? या चुका टाळा

डिकी उघडी ठेवली की वूफर दणदण वाजतो. झाकण लावून आत बसलं की नुसती नंबर प्लेट खडखडते. गेल्या दिवाळीत एक साहेब नेमकी हीच तक्रार घेऊन आमच्याकडे आले. गाडी बीएमडब्ल्यू ५ सिरीज, १२ इंची दोन वूफर, बॉक्सवर चामडं शिवलेलं, आत निळा एलईडी. काम दुसरीकडे झालेलं, पण दिसायला खरंच देखणं. साहेबांचं म्हणणं, ॲम्प कमी पडतोय, मोठा टाका.

ॲम्पचा काही दोष नव्हता. हॅचबॅकमध्ये डिकी आणि केबिन ही एकच खोली असते. सेडानमध्ये मध्ये भिंत येते: मागच्या सीटची पाठ, तिच्यामागचा पत्रा, वर काचेखालचा ट्रे. शिवाय महागड्या गाडीत कंपनीनेच या सगळ्यावर आवाज अडवणारे थर चढवलेले असतात. गाडी जितकी भारी, तितकी ही भिंत पक्की. त्यामुळे बॉक्सचं माप काढण्याआधी बास आत शिरणार कुठून ते ठरवा. आर्मरेस्टमागे स्की पोर्टची (डिकीतलं लांब सामान केबिनमध्ये सरकवायची) खिडकी असेल, सीट दुमडत असेल किंवा ट्रेमध्ये स्पीकरच्या जाळ्या असतील. यातली एक वाट धरायची, वूफरचं तोंड तिकडे करायचं आणि वाटेभोवती फोमची जाड पट्टी दाबून बसवायची. ही पट्टी बहुतेक जण विसरतात, मग बरीचशी ताकद डिकीचा पत्रा हलवण्यात जाते. साहेबांच्या गाडीत वूफर मागे तोंड करून होते, कारण झाकण उघडल्यावर ते दिसायला हवे होते. हॅचबॅकमध्ये असं चालतं, छान वाजतं; तीच सवय इथे नडली. आम्ही बॉक्स फिरवून स्की पोर्टला भिडवला. ॲम्प तोच ठेवला आणि आवाज पुढच्या सीटपर्यंत आला.

वाटच नसेल तर पत्रा कापू का, असं कुणी विचारलं तर गाडी घेऊन घरी जा. तो पत्रा गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे.

आता करंट. ५ सिरीजची बॅटरी डिकीतच असते, म्हणून तार टाकणाऱ्याला काम सोपं वाटतं: पॉझिटिव्ह तिथून, अर्थ म्हणजे निगेटिव्ह तारही तिथूनच. इथेच फसगत होते. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सर असतो आणि येणारा-जाणारा करंट तोच मोजतो. ॲम्पची अर्थ थेट त्या टोकाला जोडली की ॲम्पने ओढलेला करंट सेन्सरला दिसतच नाही, गाडीचा हिशोब चुकतो आणि चार्जिंगचं गणित बिघडतं. अर्थ बॉडीवर घ्या. रंग खरवडून पत्रा लख्ख करा, तारेच्या टोकाचा लग घट्ट आवळा, वर गंज न चढणारा थर द्या. सीट बेल्टच्या बोल्टला मात्र हात लावू नका.

बॅटरी फूटभर अंतरावर आहे म्हणून फ्यूज नको, हेही ऐकलंय. फ्यूज तारेसाठी असतो. १००० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणारी ताकद) क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा) ॲम्प पूर्ण ताकदीने वाजला तर ८० टक्के कार्यक्षमता धरून १३.८ व्होल्टला साधारण ९० अँपिअर ओढतो. ती तार पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली तर मध्ये थांबवायला दुसरं काही नाही. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज लावा आणि तार जाते त्या भोकात रबरी ग्रोमेट (कडं) बसवा. तार घेताना एक धागा ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. तेवढाच करंट न्यायला ती अधिक जाड लागते.

दोन दिवस उभी गाडी तिसऱ्या दिवशी सुरू होईना, तर पहिला संशय रिमोटच्या, म्हणजे ॲम्पला चालू-बंदचा इशारा देणाऱ्या तारेवर घ्या. ती कायम चालू सॉकेटवर टाकली असेल तर ॲम्प झोपतच नाही. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि मग मीटर लावा. ५० मिलिअँपिअरच्या बरंच वर वाचन आलं तर काहीतरी जागं आहे.

ॲम्पवरचा गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा खटका, हा व्हॉल्यूम नव्हे. ५०० वॉट, २ ओहमचं गणित (वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ) ३१.६ व्होल्टवर येतं. वूफर काढून टेस्ट टोन लावा, ॲम्पच्या आउटपुटला मीटर लावून गेन वाढवत न्या आणि मीटरवर तो आकडा आला की थांबा. बऱ्याच गाड्यांत आवाज वाढवला की कंपनीचा रेडिओ आपोआप बास कमी करतो. ते डीएसपीत (आवाज जुळवणाऱ्या डिजिटल प्रोसेसरमध्ये) आधी सरळ करून घ्या, नाहीतर गेन कितीही फिरवा.

डीएसपीत अजून एक उलटा प्रकार बघतो. या गाडीत मूळ वूफर पुढच्या सीटखाली आहेत आणि डिकीतला त्यांच्या मागे दीड-दोन मीटरवर. दीड मीटरला आवाजाला साधारण ४.४ मिलिसेकंद जास्त लागतात. लोक डिकीतल्या वूफरलाच डिले देतात, म्हणजे उशिरा येणाऱ्याला आणखी उशीर. थांबवायचं पुढच्यांना. त्याआधी फेज (वूफरच्या अधिक-उण्याची दिशा) एकदा उलटी करून ऐका. तेवढ्याने बास भरून आला तर तारा उलट्या असू शकतात.

पत्र्याची खडखड थांबवायला ब्युटाइलचीच (रबराच्या जातीची) शीट घ्या. गच्चीवरची डांबराची शीट स्वस्त पडते, पण एप्रिल-मेच्या उन्हात वास मारते आणि ओघळते. कोकणातली गाडी असेल तर बॉक्सला एमडीएफऐवजी (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) मरीन प्लाय बरा, कारण पाणी लागलं की एमडीएफची कड पावासारखी फुगते. बॉक्स बॉडीला बोल्टने आवळा. चाळीस किलोचं लाकूड जोरात ब्रेक मारल्यावर जागेवर राहत नाही. ॲम्प खोट्या फ्लोअरखाली कोंडलात तर तासाभरात गरम होऊन बंद पडेल. हवेला आत यायची आणि बाहेर जायची, अशा दोन वाटा ठेवा. आणि त्या फ्लोअरखाली बॅटरी, फ्यूज बॉक्स, टोचनाचा हूक काय-काय आहे ते आधी बघा. साहेबांच्या गाडीत बॅटरीपर्यंत जायला चौदा स्क्रू काढावे लागत होते. आम्ही बिजागरी लावून दिली.

गाडी न्यायला आले तेव्हा साहेबांनी दोन गाणी ऐकली, मान डोलावली आणि विचारलं, "आवाज झकास आहे, पण आता वूफर दिसत नाहीत. मग एलईडी कुठं लावायचा?"