स्प्रुअन्स डिस्ट्रॉयरचा पार्ट शोधताय? आधी जहाजाचं नाव विसरा

अमेरिकन नेव्हीकडे स्प्रुअन्स क्लासची, म्हणजे एकाच नमुन्याची, ३१ डिस्ट्रॉयर्स (युद्धनौका) होती, पहिलं १९७५ला आलं आणि शेवटचं, कशिंग, २००५ला सेवेतून गेलं, बरीचशी तर सरावात टार्गेट म्हणून समुद्रातच बुडवली. तर 'स्प्रुअन्सचा ओरिजिनल पार्ट' म्हणून जे विकायला येतं त्यातलं बरंच कधी जहाजावर चढलेलंच नसतं, गोदामातला जादा स्टॉक असतो. वाईट काही नाही त्यात, कोरा माल केव्हाही बरा, फक्त नावाचे जास्त पैसे मोजू नका.

शोधायचं ते उपकरणाच्या नावाने. उपकरणाच्या नावाच्या पट्टीवर एएन/एसपीएस-५५ असं लिहिलेलं असेल तर पहिला एस म्हणजे जहाज, पी म्हणजे रडार, शेवटचा एस म्हणजे सर्च. हेच रडार पेरी क्लासच्या फ्रिगेट्सवरही होतं, म्हणजे लगेच माल वाढला की नाही!

मग मिलिटरीचा १३ आकडी स्टॉक नंबर बघा. पहिले चार आकडे वस्तूचा प्रकार सांगतात, ५९६० व्हॅक्यूम ट्यूब, ५९०५ रेझिस्टर, ५९१० कपॅसिटर, ५९४५ रिले. हे चार कधीकधी बदलतात, पुढचे नऊ तेच राहतात, म्हणून सर्च नेहमी त्या नऊ आकड्यांवर मारायचा.

आणि घाबरू नका, उपकरणाच्या आतला निम्मा माल साधाच असतो. आरएन६०डी१००२एफ वाचून छातीत धस्स होतं पण तो आहे १० किलोओहमचा, १ टक्क्याचा रेझिस्टर. ७८३४ छापलंय? १९७८चा ३४वा आठवडा. इतक्या जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला एकदम फुल व्होल्टेज देऊ नका, मध्ये रेझिस्टर टाकून हळूहळू चढवा, आणि तरी गरम होत असेल तर सरळ कचऱ्यात.

आता माझा गाढवपणा. एक मस्त छोटासा ट्रान्सफॉर्मर मिळाला, ११५ व्होल्ट लिहिलेलं, मी इकडे अमेरिकेत असल्यामुळे म्हटलं घरचंच व्होल्टेज आहे आणि दिला लावून भिंतीतल्या प्लगला, आधी घुर्रर्र आवाज, मग वार्निश जळल्याचा वास, मग फ्यूज. शेजारी बारीक अक्षरात ४०० हर्ट्झ होतं ते वाचलंच नव्हतं. जहाजावर बऱ्याच इलेक्ट्रॉनिक्सला ४०० हर्ट्झचा सप्लाय असतो, त्यात लोखंड कमी लागतं म्हणून तो ट्रान्सफॉर्मर एवढासा असतो, ६० हर्ट्झवर त्याचा कोअर (आतलं लोखंड) सॅच्युरेट होऊन, म्हणजे चुंबकत्वाने पूर्ण भरून, करंट बेफाम वाढतो. भारतात ५० हर्ट्झ, म्हणजे अजूनच वाईट.

हाय पॉवर ट्यूबचं पांढरं सिरॅमिक कधीही घासू-फोडू नका, बेरिलियम ऑक्साइड असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. आणि गावी भावाला पार्सल करायच्या आधी विक्रेत्याला डीमिल कोड (मिलिटरी वस्तू विकताना निकामी करावी लागते का ते सांगणारा कोड) आणि एक्स्पोर्टचं विचारा, मिलिटरी इलेक्ट्रॉनिक्स असेल तर लायसन्सशिवाय ते अमेरिकेबाहेर पाठवता येत नाही, गिफ्ट म्हणून लिहिलं तरी.